पृथ्वीकडे बघणारे उपग्रह आणि त्यांच्या चाचण्या : बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर मी सोसायटीच्या ग्रुपवर विश्वामित्री नदीच्या पात्राचं एक रडार-चित्र टाकलं. तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, लग्नाच्या पंगतीत येतात, एकदा तर खंडेराव मार्केटात कोथिंबिरीची जुडी हातात असताना आला. मी शास्त्रज्ञ नाही. मकरपुरा जीआयडीसीत माझं मशीन-शॉप आहे आणि उपग्रहांवरच्या उपकरणांना चाचणीच्या टेबलावर घट्ट धरणारी फिक्श्चर आम्ही बनवतो. त्या निमित्तानं जे पाहिलं, वाचलं, विचारून घेतलं ते इथे आहे. एकदा सांगितलेलं परत लिहिलेलं नाही. गरज पडेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. उपग्रहाचा फोटो म्हणजे गूगल मॅपवर दिसतो तोच ना?

थोडाफार. गूगलवर शहर फार जवळून दिसतं तिथे बऱ्याचदा विमानातून घेतलेली चित्रंही जोडलेली असतात, आणि ती बरीच जुनी असू शकतात. आमच्या शेजारच्या प्लॉटवर नकाशात कितीतरी दिवस चिंचेचं झाड उभं होतं. प्रत्यक्षात तिथे तिसरा स्लॅब पडला होता.

पृथ्वी निरीक्षणाचा उपग्रह मोजमाप करतो. चित्रातला प्रत्येक ठिपका हा एक आकडा असतो : अमुक जागेवरून अमुक रंगाचा प्रकाश इतका परत आला, किंवा रडारची लहर इतकी परत आली. त्यातले कित्येक ‘रंग’ आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. हिरवंगार पीक अवरक्त प्रकाशात लख्ख चमकतं, ताण पडलेलं पीक त्या मानानं फिकं पडतं. ढगांची उंची, समुद्राचं तापमान, मातीतला ओलावा हे सगळं अशाच आकड्यांतून काढतात. चित्र सुंदर दिसलं तरी आकडा चुकीचा असेल तर उपयोग शून्य. म्हणून पुढची बरीच उत्तरं चाचण्यांबद्दल आहेत.

२. काका, आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी वरून दिसते का? आणि स्कूटरची नंबर प्लेट?

टाकी दिसेल. स्कूटर एखाद्या डागासारखी दिसेल. नंबर प्लेट वाचता येणार नाही, सिनेमात काहीही दाखवोत.

१९७९ साली सोडलेल्या ‘भास्कर-१’च्या टीव्ही कॅमेऱ्याला साधारण एक किलोमीटरपेक्षा बारीक काही कळत नव्हतं. १९८८ च्या ‘आयआरएस-१ए’नं ते ७२.५ आणि ३६.२५ मीटरवर आणलं, १९९५ च्या ‘आयआरएस-१सी’नं ५.८ मीटरवर. २७ नोव्हेंबर २०१९ ला गेलेला ‘कार्टोसॅट-३’ ३० सेंटिमीटरपेक्षाही बारीक बघतो.

याहून बारीक का नाही? प्रकाश लहरीसारखा वागतो आणि आरशाच्या कडांपाशी पसरतो. आरसा जितका मोठा तितका पसारा कमी. कार्टोसॅट-३ सुमारे ५०९ किलोमीटर वर आहे आणि त्याचा आरसा १.२ मीटरचा आहे. हिशेब केलात तर उत्तर पाव मीटरच्या आसपास येतं. म्हणजे आरशातून काढता येईल तेवढं जवळजवळ सगळं काढून झालंय.

दुसरी अडचण वेगाची. उपग्रहाखालची जमीन सेकंदाला सुमारे सात किलोमीटर पळते. स्टेशनपासून आमच्या मकरपुऱ्यापर्यंतचं अंतर एका सेकंदात. पाव मीटरची एक ओळ टिपायला त्याच्याकडे सेकंदाचा साधारण अठ्ठावीस हजारावा भाग असतो. इतक्या वेळात पुरेसा प्रकाश जमत नाही. म्हणून तीच ओळ सेन्सरच्या एकामागून एक रांगांवर घेऊन त्यांची बेरीज करतात. या काळात उपग्रह किंचितही थरथरला तर बेरीज विस्कटते आणि चित्र धूसर होतं. आतल्या फिरत्या चाकांची कुरकूरसुद्धा तपासावी लागते ती यासाठी.

३. मग एकाच जागी थांबून बडोद्यावर सतत नजर का ठेवत नाहीत?

ठेवतात, पण फार लांबून. एका जागी स्थिर दिसायचं तर विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर वर जावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेला ‘इन्सॅट-३डीएस’ तिथून ढग बघतो, साधारण अर्ध्या तासाला एक पूर्ण चित्र. वादळासाठी उत्तम, गल्लीसाठी निरुपयोगी. इतक्या उंचीवरूनही ४२ मीटरपर्यंत बारीक बघू शकेल असा ‘ईओएस-०३’ भारतानं बनवला होता. तो कक्षेत पोचलाच नाही (प्रश्न ९).

खालच्या कक्षेतले उपग्रह ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरतात आणि त्यांच्याखाली पृथ्वी वळत राहते. कॅमेरेवाल्यांपैकी बरेच आपल्याकडे सकाळी साडेदहाच्या सुमारास येतात. रोज नाही, पण येतील तेव्हा त्याच वेळेला. त्यामुळे सावल्या सारख्या पडतात आणि महिन्याभरापूर्वीच्या चित्राशी तुलना करता येते.

४. पावसाळ्यात चार महिने ढग. तेव्हा काय करतात?

रडार वापरतात. कॅमेरा सूर्याच्या भरवशावर असतो, रडार स्वतःच लहर सोडतं आणि परत आलेली ऐकतं. ढग, रात्र, धुकं, कशानंही अडत नाही. पुढे सरकता सरकता घेतलेले हजारो प्रतिसाद गणितानं जोडून छोट्या अँटेनाकडून प्रचंड लांब अँटेनाचं काम करून घेतात. २०१२ चा ‘रिसॅट-१’ आणि फेब्रुवारी २०२२ चा ‘ईओएस-०४’ याच जातीचे, दोन्ही सी बँडचे (बँड म्हणजे लहरींच्या लांबीची ठरावीक श्रेणी). त्यांची लहर साडेपाच-पावणेसहा सेंटिमीटरची, त्यामुळे झाडाच्या वरच्या पानांवरच बऱ्याच अंशी अडते. नासा आणि इस्रोच्या मिळून केलेल्या ‘निसार’ उपग्रहाची एल बँडची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे. ती पानांमधून खाली फांद्या-खोडांपर्यंत, कधी जमिनीपर्यंत जाते.

५. तुम्ही टाकलेल्या चित्रात पाणी काळं होतं. आमची गल्ली पांढरीशुभ्र दिसत होती आणि घरात कमरेइतकं पाणी होतं! मग उपग्रह खोटं बोलतो का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, आणि रागानं आला. राग रास्त आहे, चूक माझी. चित्र टाकताना मी फक्त ‘काळं म्हणजे पाणी’ एवढंच लिहिलं होतं.

रडार तिरकं बघतं. संथ पाण्यावर लहर आरशासारखी पुढे निघून जाते, उपग्रहाकडे काहीच परतत नाही, म्हणून पाणी काळं. खडबडीत शेतावरून थोडी परत येते, म्हणून शेत करडं. गल्लीत मात्र खाली पाणी आणि बाजूला घराची उभी भिंत. लहर पाण्यावर आपटून भिंतीवर जाते आणि भिंतीवरून थेट आली त्या दिशेला परत. कॅरमची सोंगटी कोपऱ्यात दोन कडांना लागून तुमच्याकडेच यावी तसं. रस्ता कोरडा असताना त्याचा खडबडीतपणा ही लहर थोडी विस्कटून टाकतो. पाणी भरलं की तळ गुळगुळीत होतो आणि परतणारी लहर वाढते. तुमची गल्ली पांढरी दिसली ती बहुधा पाण्यामुळेच.

आता त्यातल्या खाचाखोचा. भिंतींची रांग उपग्रहाच्या वाटेला साधारण समांतर असेल तर हा प्रकार जोरात होतो. गल्ली तिरकी असेल तर मंदावतो. जुन्या पोळांमध्ये (जुन्या शहरातल्या दाट गल्ल्यांमध्ये) घरं इतकी चिकटून असतात की उपग्रहाला तळ दिसतच नाही, तिथे पाणी असो वा नसो, चित्र बोलणार नाही. वारा सुटला की पाण्यावर लाटा येतात आणि तलावही करडा दिसतो. उलट हरणीच्या विमानतळाची धावपट्टी भर उन्हाळ्यातसुद्धा काळी दिसते, कारण गुळगुळीत डांबरही लहर पुढेच ढकलतं. म्हणून पुराचा नकाशा एका चित्रावरून काढू नये. पुराआधीचं चित्र घ्यायचं, ते त्याच कक्षेतून आणि त्याच कोनातून घेतलेलं हवं, आणि बदललेले ठिपके शोधायचे. काळं झालेलं आणि अचानक उजळलेलं, दोन्ही. मी पुढच्या वेळी दोन चित्रं टाकीन.

६. बातम्यांत ‘नवीन तंत्रज्ञान’ म्हणतात. नक्की नवीन काय असतं?

तीन उदाहरणं देतो.

‘निसार’ : ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, वजन २,३९२ किलो. एल बँडचं रडार नासाचं, एस बँडचं अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरचं, आणि दोघांना मिळून १२ मीटर व्यासाची एकच जाळीची तबकडी (अँटेना). रडारची जुनी रड अशी की जमिनीचा पट्टा रुंद घेतला तर बारकावा जातो आणि बारकावा धरला तर पट्टा अरुंद होतो. निसार लहर रुंद सोडतो, पण परत येणारा प्रतिसाद ऐकताना कान अरुंद ठेवून एका बाजूकडून दुसरीकडे सरकवत नेतो. त्यामुळे २४० किलोमीटरहून रुंद पट्टा बारकाव्यासकट मिळतो आणि बारा दिवसांत तीच जागा पुन्हा येते.

हायपरस्पेक्ट्रल : साधा कॅमेरा चार-पाच रंग मोजतो, हा शेकड्यांनी. नोव्हेंबर २०१८ चा ‘हायसिस’ आपला. बंगळुरूच्या पिक्सेल कंपनीनं २०२२ मध्ये शकुंतला आणि आनंद हे प्रायोगिक उपग्रह आधी सोडले, आणि जानेवारी २०२५ पासून पाच मीटर बारकाव्याचे ‘फायरफ्लाय’.

तिसरं मला फार आवडतं. ऑगस्ट २०२४ च्या ‘ईओएस-०८’वर एक उपकरण स्वतः काहीच सोडत नाही. दिशादर्शक उपग्रहांचे संकेत समुद्रावरून किंवा मातीवरून परावर्तित होऊन येतात, तेवढेच पकडतं आणि त्यावरून वारा नि ओलावा काढतं. दुसऱ्याच्या चुलीवर आपला चहा.

७. उडवण्याआधी कुठल्या चाचण्या करतात?

आधी नुसते भाग, मग उपकरण, मग पूर्ण उपग्रह, अशा चढत्या क्रमानं.

हलवणं : शेकर नावाच्या टेबलावर उपकरण बोल्टनं आवळतात आणि तिन्ही दिशांनी, एकेकदा, रॉकेटसारखं थरथरवतात. बघण्यासारखी गोष्ट खऱ्या झटक्याच्या आधी आणि नंतर असते. आधी अगदी हलक्या जोरावर एक फेरी घेतात आणि कुठल्या कंपनसंख्येला उपकरण किती नाचतं त्याचा आलेख काढतात. मग पूर्ण जोराची चाचणी. मग परत तीच हलकी फेरी. दोन आलेख एकमेकांवर ठेवतात. शिखर जागचं सरकलं असेल, तर बाहेरून सगळं ठीक दिसलं तरी आत काहीतरी सैल झालंय. उपकरण उघडावंच लागतं.

आवाज : रॉकेटचा आवाजच इतका असतो की सौर पॅनेल, तबकड्या यांसारखे पातळ भाग त्यानं तडकू शकतात. बंद खोलीत तसा आवाज सोडून बघतात.

निर्वात आणि तापमान : मोठ्या टाकीतून हवा काढून उपकरण तापवतात, गोठवतात, परत तापवतात, आणि हे चालू असताना त्याच्याकडून काम करून घेतात. हवा नसली की पंखा निरुपयोगी. उष्णता फक्त धातूतून वाहत किंवा किरणांनी बाहेर जाते. इथे बऱ्याच चुका उघड्या पडतात.

याशिवाय एका उपकरणाचा विद्युत गोंगाट दुसऱ्याला बाधतो का, किरणोत्सारानं चिप बिघडते का, अँटेना नीट उघडते का. शेवटची चाचणी त्रासाची, कारण वजनरहित अवस्थेत उघडायची वस्तू जमिनीवर स्वतःच्याच वजनानं वाकते. दोऱ्यांनी वर टांगून उघडावी लागते.

८. यात मकरपुऱ्याच्या वर्कशॉपचा काय संबंध?

शेकर आणि उपकरण यांच्यामध्ये जो अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा असतो ते फिक्श्चर. त्यानं स्वतः नाचायचं नाही, टेबलाची थरथर जशीच्या तशी वर पोचवायची. यादृच्छिक कंपनाची (एकाच वेळी अनेक कंपनसंख्यांच्या सरमिसळीची) चाचणी साधारण २० ते २००० हर्ट्झपर्यंत जाते, तेव्हा फिक्श्चर भक्कम हवं.

सुरुवातीच्या काळात आम्ही एका गिऱ्हाइकासाठी एक फिक्श्चर केलं. मटेरियल वाचवायला मी खालची प्लेट ड्रॉइंगपेक्षा पातळ घेतली आणि विचारलंही नाही. हलक्या फेरीतच आलेखावर जिथे काही नसायला हवं तिथे सुळका उभा राहिला. चाचणी घेणाऱ्या बाईंनी ती थांबवली, मोकळ्या टेबलावर फक्त आमचं फिक्श्चर लावलं आणि बोटानं स्क्रीन दाखवली : सुळका तिथेच. उपकरण निर्दोष होतं, नाचत होतो आम्ही. पूर्ण जोरावर गेले असते तर त्या उपकरणाला गरजेपेक्षा कितीतरी जास्त झटका बसला असता. नवीन प्लेट, सगळा खर्च आमचा, आणि परतीच्या एक्स्प्रेसवेवर मी आणि आमचा फिटर नडियाद येईपर्यंत एक शब्द बोललो नाही.

आणखी दोन गोष्टी तिथेच शिकलो. उडणाऱ्या भागाला झिंक किंवा कॅडमियमचं प्लेटिंग चालत नाही. निर्वातात ते धातू उडतात आणि थंड लेन्सवर जाऊन बसतात. आणि ब्लाइंड होलमध्ये, म्हणजे आरपार नसलेल्या भोकात, बोल्ट आवळला की तळाशी हवा अडकते, ती वर गेल्यावर आट्यांमधून दिवसेंदिवस झिरपत राहते. म्हणून बोल्टला मधून बारीक छिद्र ठेवतात. आमच्या पोरांना वाटलं ड्रॉइंग चुकलंय.

९. एवढ्या चाचण्या करूनही मिशन फेल का होतात?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा : उपग्रह आणि त्याला नेणारं रॉकेट. ‘ईओएस-०३’ ऑगस्ट २०२१ मध्ये गमावला तो रॉकेटचा क्रायोजेनिक (अतिथंड इंधनाचा) टप्पा पेटला नाही म्हणून. रडारवाला ‘ईओएस-०९’ १८ मे २०२५ ला इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यात गमावला. दोन्हीकडे उपग्रहाला स्वतःचा कस दाखवायची वेळच आली नाही.

‘एसएसएलव्ही’ या छोट्या उपग्रहांच्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाची, ७ ऑगस्ट २०२२ ची गोष्ट आमच्या धंद्याच्या जवळची आहे. दुसरा टप्पा सुटताना थोडा वेळ थरथर अपेक्षेपेक्षा जास्त झाली. संगणकाला वाटलं प्रवेगमापक (वेगातला बदल मोजणारी उपकरणं) बिघडले, त्यानं आणीबाणीचा मार्ग धरला, आणि ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाऐवजी ३५६ बाय ७६ ची लंबगोल कक्षा मिळाली. इतक्या खाली हवा असते. उपग्रह हातचे गेले. पुढच्या उड्डाणात, फेब्रुवारी २०२३ ला, दुरुस्ती लागू पडली.

वर जाऊन बिघडण्याचं उदाहरण ‘मेघा-ट्रॉपिक्स’. भारत-फ्रान्सचा हा उपग्रह ऑक्टोबर २०११ मध्ये गेला, त्यावरचं ‘मद्रास’ हे उपकरण २०१३ मध्ये बंद पडलं. उरलेल्या उपकरणांचा डेटा पुढे वर्षानुवर्षं वापरला गेला आणि मार्च २०२३ मध्ये उपग्रह ठरवून पॅसिफिकवर उतरवला.

आणि जमिनीवरच सापडलेलं : निसारची तबकडी मिटलेली असताना उन्हात जास्त तापेल असं २०२४ मध्ये लक्षात आलं. ती भारतातून परत कॅलिफोर्नियाला नेली, उष्णता परतवणारं आवरण चढवलं, आणि उड्डाण पुढे गेलं. तेव्हा ‘एवढा उशीर का’ म्हणून ओरड झाली. मला विचाराल तर चाचणी आणि छाननी असते ती एवढ्यासाठीच.

१०. पूर्ण उपग्रह न बनवता नवीन उपकरण तपासता येतं का?

येतं. पहिली पायरी विमान : निसारच्या आधी एल आणि एस बँडचं भारतीय रडार नासाच्या विमानाला लावून २०१९ मध्ये अमेरिकेवर उडवलं. दुसरी पायरी पीएसएलव्हीचा चौथा टप्पा. उपग्रह सोडल्यावर एरवी तो कचराच. त्याला वीज नि संगणक देऊन ‘पोएम’ नावाची प्रयोगशाळा करतात. ३० डिसेंबर २०२४ च्या उड्डाणात त्यावर २४ प्रयोग होते. चवळीला कोंब फुटल्याची बातमी आली होती ती त्यातलीच.

तिसरी पायरी प्रायोगिक उपग्रह. २००१ चा ‘टीईएस’ आणि वरचा ‘ईओएस-०८’ हे त्यातले.

११. वर गेल्यावर तो बरोबर मोजतोय हे कळतं कसं?

तराजूला माप लागतं, तसं. कॅमेऱ्यासाठी मोठी, सपाट, एकसारखी आणि कोरडी जागा हवी, आणि आपल्या गुजरातचं छोटं रण अशा कामाला वापरतात. उपग्रह डोक्यावरून जातो त्याच सुमारास माणसं रणात उभी राहून जमिनीवरून परतणारा प्रकाश हातातल्या यंत्रानं मोजतात, हवेतली धूळ नि बाष्प मोजतात, आणि मग आकडे ताडून बघतात. समुद्राच्या रंगासाठी असंच काम लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळ होतं.

रडारसाठी तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडून शेतात ठेवतात. प्रश्न ५ मधल्या भिंतीसारखाच खेळ, पण नेमका. कुठल्याही बाजूनं आलेली लहर आली तशी परत, आणि किती परत यायला हवी हे आधीच माहीत. काटकोन जरा चुकला तरी माप चुकतं. असे पत्रे पावसाळ्यात ठेवायचे तर खालच्या कोपऱ्यात पाणी साठू नये म्हणून भोक पाडावं लागतं. साधीच गोष्ट, पण विसरली जाते.

१२. चित्रं फुकट मिळतात का?

बरीच. २०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणानुसार पाच मीटर किंवा त्याहून ढोबळ चित्रं मोफत आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राच्या (एनआरएससी) ‘भूनिधी’ या संकेतस्थळावर खातं उघडा. युरोपचे सेंटिनेल (दहा मीटर) आणि अमेरिकेचे लँडसॅट (१९७२ पासूनचा साठा) हेही फुकट. बारीक चित्राला पैसे पडतात.

१३. पादरा गावाकडे मावसभावाची शेती आहे. कुठल्या झाडाला रोग आहे ते सांगेल का?

एका झाडाचं नाही. दहा मीटरचा ठिपका म्हणजे शंभर चौरस मीटर, त्यात पीक, बांध, तण सगळं एक होतं. शेताचा कुठला कोपरा मागे पडतोय ते मात्र छान कळतं. रोग, पाण्याचा ताण की खताची कमतरता, हे शेतात जाऊनच बघायचं. पीक फार दाट झालं की नेहमीचा हिरवेपणाचा निर्देशांक वाढायचा थांबतो, तेव्हा ‘आकडा स्थिर आहे’ म्हणून घाबरू नये.

१४. आमची बिल्डिंग खचतेय असं वाटतं. रडारवरून कळेल का?

पद्धत आहे. दोन फेऱ्यांमधल्या लहरींचा ताळमेळ बघून मिलिमीटर-सेंटिमीटरची हालचाल काढतात. पण अटी बऱ्याच. दोन चित्रं पुरत नाहीत, महिनोन्‌महिन्यांची मालिका लागते. भोवती झाडी असेल तर ताळमेळ तुटतो (इथे निसारची लांब लहर बरी, प्रश्न ४). उपग्रह उत्तर-दक्षिण जातो आणि बाजूला बघतो, त्यामुळे इमारत उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकत असेल तर त्याला जवळजवळ कळतच नाही. भिंतीला तडा असेल तर आजच स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, उपग्रहाची वाट बघू नका.

१५. मुलगी नववीत आहे, तिला यात जायचंय. काय करू?

इस्रोचा ‘युविका’ कार्यक्रम नववीच्या मुलांसाठीच आहे, जाहिरातीवर लक्ष ठेवा. अहमदाबादला स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरमध्ये विक्रम साराभाई अवकाश प्रदर्शन आहे, ते दाखवा. तिथल्याच बोपळचं ‘इन-स्पेस’ हे सरकारी केंद्र खाजगी कंपन्यांना चाचणीच्या सोयी पुरवतं, म्हणजे पुढे नोकऱ्या फक्त सरकारी राहणार नाहीत. आणि तिला एकदा आमच्या शॉपवर आणा, शनिवारी दुपारी मशीनं बंद असतात.

१६. विश्वामित्रीतल्या मगरी उपग्रहातून मोजता येतील का?

हा प्रश्न एका सहावीतल्या मुलाचा. तीन मीटरची मगर कार्टोसॅट-३ च्या चित्रात लांबीला दहा-बारा ठिपके भरेल, म्हणजे तत्त्वतः हो. पण मगर चिखलाच्या रंगाची, काठ चिखलाचा, आणि अर्धा वेळ ती पाण्याखाली. साडेदहाला उपग्रह येईल तेव्हा ती ऊन खात काठावर पडलेली असेल तर नशीब. आणि शेजारी ओंडका पडला असेल तर तोही मगरच मोजला जाईल. त्या मुलानं लगेच विचारलं, मग दोन दिवसांची चित्रं घेऊन जो हलला तो मगर असं धरायचं का? मी म्हटलं, पूर आला तर ओंडकाही हलतो. तो अजून विचार करतोय.